ग्रीन कार्ड, विमानतळावरची सही आणि दारावरची थाप

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, वय ६९ आणि ६५, दांडिया बाजारात राहतो. मुलगी अमेरिकेची नागरिक असल्यामुळे चार वर्षांपूर्वी आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाले. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे या खेपेचा बडोद्यातील मुक्काम नऊ महिन्यांवर गेला. पुढील महिन्यात अहमदाबादहून अबुधाबीमार्गे परत जाण्याचा विचार आहे. कारेलीबागेतील एका परिचितांकडून विमानतळावर एका फॉर्मवर सही घेऊन त्यांचे ग्रीन कार्ड काढून घेतल्याचे ऐकले, तेव्हापासून झोप नाही. मुलगा न्यू जर्सीमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. त्यांच्या इमारतीत इमिग्रेशनचे अधिकारी येऊन गेल्यामुळे सूनबाई धास्तावली आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश फिरतो आहे की, ‘घटनेचे नाव घ्या, गप्प बसा, कोणी काही करू शकत नाही.’ हे खरे मानावे का? आम्ही काय बोलावे, कशावर सही करावी?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : स. न. वि. वि. आपल्याकडे आलेला संदेश मुलाच्या घराच्या दारापुरता बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि आपल्या विमानतळापुरता जवळजवळ पूर्ण चुकीचा आहे. अमेरिकेच्या कायद्यात अधिकाऱ्यासमोर माणसाचे हक्क किती, हे त्याच्या व्हिसावर ठरते त्याहून अधिक तो कोठे उभा आहे यावर ठरते. राहत्या घराच्या आत ते सर्वांत जास्त असतात, रस्त्यावर त्याहून कमी आणि प्रवेशाच्या काउंटरवर सर्वांत कमी. त्या संदेशात या तिन्ही जागा एकत्र कालवल्या आहेत. मी भारतातील वकील आहे. अमेरिकेतील प्रकरणात अंतिम सल्ला तेथील इमिग्रेशन वकिलाचाच घ्यायचा, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

आपला प्रवास तोंडावर आहे, म्हणून आधी आपले पाहू. त्या परिचितांकडून ज्या फॉर्मवर सही घेतली गेली तो बहुधा आय-४०७ असावा. फॉर्मचा क्रमांक पानाच्या कोपऱ्यात छापलेला असतो आणि शीर्षकात ‘अबॅन्डनमेन्ट’ हा शब्द ठळकपणे असतो. ‘मी माझा कायम रहिवासाचा दर्जा स्वेच्छेने सोडत आहे’ असे त्या कागदावर आपण लिहून देतो. त्यातला ‘स्वेच्छेने’ हा शब्द नीट ध्यानात ठेवावा, कारण आपला सगळा बचाव त्यावर उभा आहे. ही सही कोणताही अधिकारी सक्तीने घेऊ शकत नाही आणि आपण ती नाकारली म्हणून ग्रीन कार्ड आपोआप रद्दही होत नाही. सही नाकारल्यावर, आपण दर्जा सोडला आहे असे अधिकाऱ्याचे मत कायम राहिले, तर त्याने आपल्याला ‘नोटीस टू अपिअर’ द्यावयाची असते. म्हणजे प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जाते आणि तेथे दर्जा सोडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते, तीही स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्यानिशी. न्यायाधीशाचा अंतिम आदेश होईपर्यंत आपण कायम रहिवासीच राहता. त्या काळात प्लास्टिकचे कार्ड काढून घेतले गेले, तर दर्जाचा दुसरा पुरावा देणे त्यांना भाग असते. सहसा पासपोर्टवर तसा शिक्का मारून देतात; तो मागून घ्यावा.

म्हणजेच जो निर्णय न्यायाधीशाने पुरावा तपासून द्यावयाचा, तो रात्रभराच्या प्रवासाने शिणलेल्या माणसाकडून एका सहीने उरकून घेतला जातो. आपल्या पिढीला या बाबतीत एक वाईट सवय आहे. समोरच्या साहेबाने कागद पुढे सरकवला आणि पेन हातात दिले की आपण ‘कुठे करू?’ असे विचारतो, ‘कशावर करतोय?’ असे नाही. न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत न्यायालये भरत होती तेव्हाही हेच पाहिले आणि आजही पाहतो. आपल्या बाबतीत मात्र ही सवय मोडावीच लागेल. दोन इंग्रजी वाक्ये दोघांनीही पाठ करून ठेवावीत : ‘आय डू नॉट विश टू साइन.’ आणि ‘आय वॉन्ट टू सी ॲन इमिग्रेशन जज.’ आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही. हीच दोन वाक्ये, लागतील तितक्या वेळा.

यात सोसावे लागेल तेही सांगतो. सही नाकारली की काही तास बसवून ठेवले जाऊ शकते, पुढच्या तारखेला कार्यालयात हजर राहण्यास सांगितले जाऊ शकते, आणि ताब्यात ठेवण्याचा अधिकारही कायद्याने त्यांना दिलेला आहे. म्हणून दोघांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि थोडे खाण्याचे पदार्थ चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत. भूक आणि वेळेवर न मिळालेली रक्तदाबाची गोळी यांच्यामुळेही माणसे नको त्या कागदावर सही करून मोकळी होतात.

आता नऊ महिन्यांचा प्रश्न. सलग १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाला कायदा परत येताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखे वागवतो. म्हणून आपली विचारपूस नेहमीपेक्षा अधिक होणार, हे धरूनच चालावे. सलग एक वर्ष ओलांडले तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. आपण त्या मर्यादेच्या आत आहात. तिकीट आणखी पुढे ढकलू नका. मात्र सहा महिने किंवा एक वर्ष यांपैकी कोणत्याही आकड्याने दर्जा आपोआप जात किंवा टिकत नाही. पाहिला जातो तो हेतू : आपले बाहेर राहणे ही तात्पुरती भेट होती का, आणि आपले घर आपण कोठे मानता?

येथे आपला पक्ष चांगला आहे, पण तो कागदावर दिसला पाहिजे. शस्त्रक्रियेची तारीख, डिस्चार्ज समरी, फिजिओथेरपी केव्हापर्यंत चालली आणि प्रवासास परवानगी केव्हा मिळाली याचे डॉक्टरांचे पत्र, हे सर्व इंग्रजीत आणि एका फाईलमध्ये असावे. गुजरातीत असलेल्या पावत्यांचे इंग्रजी भाषांतर करून जोडावे. त्याच फाईलमध्ये अमेरिकेतील आयकर विवरणपत्रांच्या प्रती, बँकेचे खाते, राज्याचे ओळखपत्र किंवा वाहन परवाना, आरोग्य विमा आणि मुलीच्या पत्त्यावर येणारा आपल्या नावाचा पत्रव्यवहार ठेवावा. आयकर विवरणपत्र अनिवासी म्हणून भरले असेल, तर निघण्यापूर्वी तेथील वकिलाला ते अवश्य सांगावे. दर्जा सोडल्याचा पुरावा म्हणून ते पुढे केले जाऊ शकते.

आपण अबुधाबीचे तिकीट काढण्याच्या विचारात आहात, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच मुद्द्यावर, कारण तिकीट काढून देणारे याकडे क्वचितच लक्ष वेधतात. अबुधाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाचे अधिकारी बसतात आणि तेथून थेट अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधी तेथेच उरकतात. एरवी ही मोठीच सोय आहे. अमेरिकेत उतरल्यावर रांग नाही, सामान उचलले की बाहेर. परंतु ज्याच्या मुक्कामाबद्दल प्रश्न निघणार आहे त्याच्यासाठी हीच सोय अडचणीची ठरू शकते. न्यूअर्कला किंवा न्यूयॉर्कला सही नाकारली, तर आपण अमेरिकेच्या भूमीवर असता आणि पुढची पायरी न्यायाधीश ही असते. अबुधाबीत मात्र अधिकारी आपल्याला विमानात चढू न देता थांबवू शकतो. तेथे इमिग्रेशन न्यायालय नाही, आणि वृद्ध दांपत्य परक्या विमानतळावर सामानासह अडकते. तपासणी अमेरिकेत उतरल्यावर होईल असा दुसरा मार्ग निवडावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तिकिटामागे थोडे पैसे वाचतात म्हणून हा धोका पत्करू नये. आयर्लंडमधील डब्लिन आणि शॅनन येथेही तपासणीची अशीच व्यवस्था आहे.

काउंटरवर गप्प बसण्याचा हक्क आपल्या कामाचा नाही. प्रवेश मागणाऱ्याने प्रवासाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी तेथे अपेक्षा असते. मौन धरले तर संशय वाढतो आणि खोळंबाही. पहिल्या किंवा दुसऱ्या तपासणीत वकील शेजारी बसवून घेण्याचा हक्कही सामान्यतः नाही; प्रकरण फौजदारी तपासाकडे वळले तरच तो येतो. पण दुभाषा मागता येतो आणि तो मागावाच. पासपोर्टवर जन्मस्थान वडोदरा पाहून गुजराती दुभाषा फोनवर जोडून दिला जाण्याची शक्यता आहे. वहिनींना मराठीच सोयीची असेल तर तसे सांगावे, आणि मराठी मिळत नसल्यास ज्या भाषेत खात्रीने बोलता येते तीच निवडावी.

वहिनींचा उल्लेख आला म्हणून त्यांच्याबद्दल वेगळे सांगतो. त्यांचे ग्रीन कार्ड त्यांचे स्वतःचे आहे. त्यांची उत्तरे आपण द्यायची नाहीत आणि त्यांच्या वतीने कागद हातात घ्यायचा नाही. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत विचारणे ही तेथील नेहमीची पद्धत आहे. गुडघ्यांमुळे त्या व्हीलचेअरवर असतील. अशा वेळी खुर्ची ढकलणारा मदतनीस आपला देशबांधव असला, तर तो आपुलकीने मध्येच बोलू लागतो : ‘माताजी तर इंडियातच राहतात, पोरांना भेटायला येतात.’ त्या बिचाऱ्याला वाटते, आपण काम सोपे केले. प्रत्यक्षात त्याने एका वाक्यात आपला पक्ष बुडवलेला असतो. त्याला नम्रपणे थांबवावे आणि वहिनींनी स्वतः, दुभाष्यामार्फत, शांतपणे सांगावे की शस्त्रक्रियेसाठी थांबावे लागले आणि आता घरी परत चालले आहे.

अर्थात ते वाक्य खरे असले पाहिजे, आणि हा भाग अप्रिय असला तरी मला तो लिहिणे भाग आहे. अधिकाऱ्याला खोटे सांगणे हा तेथे स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे आणि खोटेपणा उघड झाला तर तो इमिग्रेशन नोंदीत कायमचा राहतो. आपण दोघांनी एकांतात विचार करावा : आपले घर खरोखर मुलीकडे आहे का, की बडोद्यात? वर्षातले बहुतेक महिने दांडिया बाजारात जात असतील, आणि अमेरिकेत जाणे केवळ कार्ड जिवंत ठेवण्यासाठी होत असेल, तर दर वेळी जीव मुठीत धरून काउंटरवर उभे राहण्यापेक्षा तेथील वकिलाच्या सल्ल्याने, घरी बसून, पूर्ण समजून तोच आय-४०७ टपालाने पाठवून द्यावा आणि पुढे पर्यटक व्हिसासाठी अर्ज करावा. त्यात कमीपणा काही नाही. नातवंडांना भेटायला कायम रहिवासी असावेच लागते असे नाही. उलट कार्ड ठेवायचे असेल आणि पुढेही लांब मुक्काम होणार असतील, तर या खेपेस अमेरिकेत असतानाच आय-१३१ या फॉर्मवर पुनःप्रवेश परवान्यासाठी अर्ज करावा. अर्ज करताना तेथे हजर असावे लागते. परवाना दोन वर्षांपर्यंत मिळतो. भारतातून तो करता येत नाही, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

फोनबद्दल थोडक्यात. सीमेवर फोन व लॅपटॉप न्यायालयीन वॉरंटाशिवाय तपासण्याचा अधिकार ते वापरतात. पासवर्ड दिला नाही म्हणून ग्रीन कार्डधारकाचा प्रवेश नाकारता येत नाही, परंतु फोन ठेवून घेतला जाऊ शकतो. पर्यटक किंवा कामाच्या व्हिसावरील माणसाला मात्र याच कारणावरून परत पाठवले जाऊ शकते. आपल्या चिरंजीवांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आता त्यांच्या दाराकडे येऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी आणि पाचवी दुरुस्ती १७९१ पासून अमलात आहे. चौथी बेकायदा झडती व अटकेपासून संरक्षण देते, पाचवी स्वतःविरुद्ध बोलण्याच्या सक्तीपासून. दोन्हींतील भाषा नागरिकांपुरती नाही, तेथील प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. आपल्या राज्यघटनेचे कलम २०(३) ज्यांनी वाचले आहे त्यांना पाचवीचा गाभा ओळखीचा वाटेल. घरात शिरून अटक करायची तर साधारणपणे न्यायालयाचे वॉरंट लागते, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पेटन खटल्यात स्पष्ट केले.

सूनबाईंनी शिकून घ्यावयाची गोष्ट एकच : वॉरंटाचा कागद ओळखणे. इमिग्रेशन अधिकाऱ्यांकडे बहुधा जो कागद असतो तो आय-२०० किंवा आय-२०५ या क्रमांकाचा असतो. त्याच्या माथ्यावर ‘डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी’ असे छापलेले असते आणि खाली विभागाच्याच अधिकाऱ्याची सही असते. त्याला वॉरंट म्हणतात खरे, पण त्यावर न्यायाधीशाची सही नसते आणि संमतीशिवाय घरात शिरण्यास तो पुरेसा नाही, हाच प्रस्थापित नियम आहे. न्यायालयाच्या वॉरंटवर न्यायालयाचे नाव असते, न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेटची सही असते, आणि पत्ता व तारीख असते. म्हणून दार न उघडता आतून विचारावे, कोण आहे आणि न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आहे का. असल्यास ते दाराखालून सरकवायला किंवा खिडकीच्या काचेवर धरायला सांगावे. कडी काढून दार किलकिले करणे, ‘या ना, बसा’ म्हणणे, पाणी आणायला आत वळणे, हे आपल्याकडचे शिष्टाचार तेथे संमती म्हणून मोजले जाऊ शकतात.

एवढे करूनही ते आत आलेच तर अडवायचे नाही, हात लावायचा नाही, पळायचे नाही. ‘आय डू नॉट कन्सेन्ट’ एवढे मोठ्याने म्हणावे, नावे आणि बिल्ल्यांचे क्रमांक लक्षात ठेवावेत आणि बाकीचे भांडण वकिलावर सोपवावे. नियम एक आणि वागणूक दुसरी असे तेथेही घडते. दारातल्या झटापटीने मात्र नवीन गुन्हा तेवढा नावावर लागतो. हक्कांची वाक्ये छापलेली लहान लाल कार्डे तेथे वाटली जातात, ती उपयोगाची आहेत. मात्र ती बोलण्याची हिंमत नसलेल्याच्या वतीने बोलतात इतकेच. कार्ड दाखवले म्हणून अधिकारी माघारी फिरेल, हे आपल्या नातेवाइकांच्या गटाने स्वतःच वाढवलेले आहे.

रस्त्यावर कोणी थांबवले तर ‘ॲम आय फ्री टू गो?’ असे विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर शांतपणे निघून जावे. नाही म्हटले तर गप्प राहण्याचा हक्क आहे. काही राज्यांत नाव मात्र सांगावे लागते, आणि गाडी चालवत असल्यास परवाना, नोंदणी व विम्याची कागदपत्रे दाखवावी लागतात. येथे एक अट आहे, आणि एच-१बी वरील सुशिक्षित मुलेच ती विसरतात : अठरा वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा तेथील कायदा आहे आणि न बाळगल्यास दंड व ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्यासाठी तो पुरावा म्हणजे ग्रीन कार्ड. मुलासाठी आणि सुनेसाठी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत. ज्याचा दर्जा कायदेशीर आहे त्याने मौनाचा हट्ट धरण्यापेक्षा तो कागद दाखवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोणत्याही परिस्थितीत ‘मी नागरिक आहे’ असे मात्र म्हणू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यास पुढचे जवळजवळ सर्व रस्ते कायमचे बंद होतात.

अटक झालीच तर इमिग्रेशन प्रकरणात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. स्वतःचा वकील करण्याचा हक्क असतो, पैसे आपले. वकील येईपर्यंत कोणत्याही कागदावर, विशेषतः स्वेच्छेने देश सोडण्याच्या किंवा सुनावणीचा हक्क सोडण्याच्या कागदावर, सही करू नये. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असे सांगता येते. न्यू जर्सी हे न्यूयॉर्कच्या दूतावासाच्या कक्षेत येते. ताब्यात घेतलेल्या माणसाचा ठावठिकाणा तेथील संकेतस्थळावर शोधता येतो, त्यासाठी त्याचा ए-क्रमांक, म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला नोंदणी क्रमांक, व जन्मदेश लागतो. आपल्या दोघांचे ए-क्रमांक ग्रीन कार्डवर ‘यूएससीआयएस’ या शीर्षकाखाली छापलेले आहेत. एच-१बी वरील मुलाजवळ असा क्रमांक नसेल तर पूर्ण नाव, जन्मतारीख व जन्मदेश यांवरूनही शोध घेता येतो.

निघण्यापूर्वी मुलीने तेथे एक इमिग्रेशन वकील निश्चित करावा आणि जी-२८ हा वकीलपत्राचा फॉर्म आपल्या दोघांच्या सहीने आधीच तयार करून त्याच्याकडे ठेवावा. एजंट किंवा कर सल्लागार या कामाला चालत नाही. त्या वकिलाचा व मुलीचा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये आहेच, पण तो वहिनींच्या आणि आपल्या खिशात कागदावरही लिहिलेला असावा, कारण तपासणीच्या खोलीत सर्वांत आधी बंद करायला सांगतात तो फोनच.